मेंढी भोरला, लोकर तुळशीबागेत

पुणेकर पन्नाशीच्या पुढे सरकला की त्याला दोन गोष्टींची आठवण येऊ लागते. एक गुडघा आणि दुसरी शेती. गुडघ्याला डॉक्टर असतो. शेतीचं तसं नाही. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर तुम्ही मुळात शेतकरी असल्याचा पुरावा कायदा मागतो. मग तीन पिढ्या सदाशिव पेठेबाहेर न पडलेलं घराणं एकाएकी कोकणातल्या कुठल्याशा वाडीतला आजोबांचा सातबारा हुडकायला लागतं. उताऱ्यावर ढीगभर चुलतभाऊ, एक पडकी विहीर आणि फणसाच्या झाडाचा काही हिस्सा निघतो. पण पुणेकर शेतकरी ठरतो, आणि भोर, वेल्हे, मुळशी यांपैकी कुठेतरी आणखी एक लोखंडी फाटक उभं राहतं. फाटकावर पाटी लागते : 'फाटकासमोर वाहने लावू नयेत.' पुढे दोन किलोमीटरपर्यंत वाहन जाईल असा रस्ताच नसतो, तरी पाटी लागते.

आमची ताई आणि भाऊजी बँकेतून निवृत्त झाले आणि याच मार्गाने भोरकडे गेले. आधी आंब्याची कलमं लावली. कलम फळ द्यायला वेळ घेतं, आणि शनिवारी आलेल्या पाहुण्यांना तोवर काय दाखवायचं हा प्रश्न होता. म्हणून जनावरं आली. उस्मानाबादी शेळ्या आल्या, दख्खनी मेंढ्या आल्या, गावठी कोंबड्या आल्या, आणि भाऊजींच्या हट्टापायी एक पंढरपुरी म्हैस आली. तिथे राहणारं एक जोडपं त्यांचं शेण काढतं, चारा घालतं, आजारपण बघतं, रात्री बिबट्याच्या भीतीने उठतं. बाकीचं सगळं ताई स्वतः करते. म्हणजे ती त्यांची नावं ठेवते.

आता एवढी जनावरं दाराशी असताना त्यांचं करायचं काय? दूध, अंडी, लेंडीखत, बाजार हा झाला गावाकडचा विचार. पुण्याच्या माणसाला जनावर दिसलं की आधी छंदवर्ग सुचतो. ताईने ठरवलं की आपल्या जनावरांची चित्रं काढायची, त्यांच्या लोकरीच्या वस्तू करायच्या आणि या सगळ्याचं प्रदर्शन भरवायचं. प्रदर्शन आधी ठरलं, कला नंतर सुरू झाली. पुण्यात हा क्रम सर्वमान्य आहे.

चित्रकलेत ताईकडे इंटरमीजिएटची बी ग्रेड आहे. सरकारी रेखाकला परीक्षेला बसलेल्या कुणालाही विचारा, त्याने आयुष्यात एकदा तरी बैलपोळा काढलेला असतो. स्मरणचित्राच्या पेपरात ठरलेले विषय असत : आठवडा बाजार, पाणवठा, बैलपोळा. आम्ही पेठेतली मुलं स्मरणातून काढायचो हे खरं, पण स्मरणात बैल नसायचा, चित्रकलेच्या सरांनी फळ्यावर काढलेला बैल असायचा. तोंड डावीकडे, पाठीवर झूल, पुढचा एक पाय उचललेला. आमच्या केंद्रावरचे झाडून सगळे बैल डावीकडे बघत उभे होते. मागचे पाय जमत नसत, म्हणून प्रत्येकाने बैलाच्या मागे एक शेतकरी उभा केला होता.

प्रत्यक्षातली शेळी डावीकडे बघत नाही. ती तुमच्याकडे बघते, आणि तिथेच चित्रकाराचं अवसान गळतं. शेळीच्या डोळ्यातली बाहुली गोल नसते. ती आडवी असते, टपालपेटीच्या फटीसारखी. चरणाऱ्या जनावराला दोन्ही अंगांचं क्षितिज एकाच वेळी दिसावं, शिकारी कुठूनही आला तरी कळावं, म्हणून ही सोय आहे. शेळीने चरायला मान खाली घातली तरी डोळा खोबणीतल्या खोबणीत फिरतो आणि ती फट जमिनीला समांतरच राहते. ताईने सवयीने बाहुली गोल काढली. बाकी शेळी हुबेहूब होती, कान लांब, लोंबते, दाढी जागच्या जागी. पण गोल बाहुलीमुळे ती आमच्या एका दिवंगत आत्यासारखी दिसायला लागली. चित्र जेवणघरात लावलं होतं. भाऊजींना त्या नजरेखाली दुसऱ्यांदा आमटी मागता येईना. शेवटी चित्र हललं.

उस्मानाबादी शेळी बहुतेक काळीकुळकुळीत असते. काळी शेळी कोळशाने काढायची म्हणजे कागद नुसता काळा होतो आणि त्यात शेळी आहे हे शपथेवर सांगावं लागतं. म्हशीची अडचण निराळी. पंढरपुरी म्हशीची शिंगं तलवारीसारखी मागे जातात, खांद्यापर्यंत पोचतात, कधी त्याच्याही पुढे. ताई डोक्यापासून सुरुवात करायची आणि कागद संपायचा तरी शिंग संपायचं नाही. मग तिने शिंगापासून सुरुवात केली. आता कागदावर संपूर्ण शिंग आहे आणि म्हैस कानापर्यंत आहे. एका शेळीने तर वाळत टाकलेल्या चित्रांपैकी एक खाल्लं. चार चित्रं होती, चारही वेगवेगळ्या शेळ्यांची. तिने नेमकं स्वतःचं उचललं. हा योगायोग नाही असं ताईचं ठाम मत आहे.

चित्रं काढायला मेंढी त्यातल्या त्यात बरी, असं मोठ्या माणसांचंही मत दिसतं. हेन्री मूर हा जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकार. 1972 साली त्याच्या फ्लॉरेन्सच्या मोठ्या प्रदर्शनाची बांधाबांध चालली होती. त्या गोंधळाला कंटाळून तो आपल्या छोट्या स्टुडिओत जाऊन बसला. खिडकीबाहेर कुरणात मेंढ्या चरत होत्या. त्याने साध्या बॉलपेनने त्यांची चित्रं काढायला घेतली आणि वहीच्या वही भरली. सुरुवातीला त्याला त्या चार पाय फुटलेले लोकरीचे गोळेच वाटायच्या. मेंढी हलली की तो काचेवर टकटक करायचा, मेंढी थबकून त्याच्याकडे बघत राहायची. ताईने हे वाचून भोरला खिडकीवर टकटक करून पाहिली. आमच्या मेंढ्या थबकल्या नाहीत. त्यांना वाटलं पेंड आली. सगळ्या खिडकीशी येऊन भिडल्या आणि ताईच्या वहीत त्या दिवशी फक्त नाकं आहेत.

चित्रांतून दमल्यावर ताई क्रोशाकडे वळली. हल्ली ॲमिगुरुमी नावाचा जपानी प्रकार घरोघरी आला आहे. त्यात क्रोशाच्या सुईने गोलगोल विणत छोटे प्राणी करतात आणि आत कापूस भरतात. ताईचा हात यात तयार. साखळ्या आणि खांब ती बातम्या बघताबघता घालते. तिने आपल्या मेंढ्यांच्या बाहुल्या करायला घेतल्या. त्यासाठी पांढरी लोकर हवी होती. ती आणायला ती भोरहून पुण्याला आली, गाडी लावायला जागा शोधली, मग मंडईपासून चालत तुळशीबागेत गेली आणि गर्दीतून वाट काढत पांढऱ्या लोकरीचे गुंडे घेऊन आली.

तुळशीबागेत ज्याला लोकर म्हणतात ते बहुतेक वेळा ॲक्रिलिक असतं. ॲक्रिलिक खनिज तेलापासून होतं. म्हणजे दारात जिवंत मेंढी, तिच्या अंगावर लोकर, आणि तिची बाहुली करायला अरबस्तानातून तेल मागवलेलं. बाहुली गोड झाली होती, यात वाद नाही. तिला फक्त मेंढीशी काही देणंघेणं नव्हतं. हे मी ताईला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "मग तू वीण." यावर उत्तर नसतं.

याच सुमाराला शेजारच्या रानात धनगरांचा वाडा उतरला. दिवाळी झाली की फलटण, माण, बारामती, पुरंदर या कोरड्या मुलखातले मेंढपाळ कळप घेऊन कोकणाकडे निघतात आणि पावसाच्या आत परत फिरतात. सततच्या ओलीत दख्खनी मेंढीचे खूर टिकत नाहीत. भोरवरून वरंध घाटाने खाली उतरायची वाट जुनी आहे. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात. रात्रभराच्या लेंड्या आणि मूत हे रानाला खत, त्याबद्दल धान्य किंवा पैसे. घोडीवर संसार, घोडीच्या पाठीवरच्या बाचक्यात कोकरू, कोकराशेजारी लहान मूल, आणि मागून काठी घेऊन चालणारी बाई.

त्या बाईंना ताई मावशी म्हणू लागली. मावशी वयाने ताईपेक्षा लहान असाव्यात. ताईने विचारलं, "मावशी, तुमची लोकर कशी देता?"

मावशी तिच्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "इकत न्हाई ताई, टाकून देतो. तुमास्नी पायजे आसंल तर न्या की दोन पोती."

ही थट्टा नव्हती. दख्खनी मेंढी वर्षातून दोनदा कातरतात. तिची लोकर आखूड आणि जाडीभरडी, अर्धी लोकर आणि अर्धे केस. ऑस्ट्रेलियातल्या मेरिनोच्या लोकरीचा मऊ स्वेटर होतो. हिचा केला तर अंगाला कुसळं टोचत राहतील. पूर्वी तिला गिऱ्हाईक होतं. सनगर विणकर घोंगड्यांसाठी घेत, लष्कराच्या कांबळ्यांसाठी जाडी लोकर खपत असे. पुढे गिरणीची स्वस्त ब्लँकेटं आली, कृत्रिम धाग्याची आली, आणि लोकरीचा भाव इतका पडला की कातरणाऱ्याची मजुरी तिच्या किमतीपेक्षा जास्त झाली. आज मेंढपाळ पदरचे पैसे घालून मेंढी कातरून घेतो, कारण न कातरली तर मेंढीलाच त्रास, आणि लोकर बांधावर टाकून पुढे चालू लागतो. मावशींनी हे सगळं एका वाक्यात सांगितलं : "पैकं मटनात हाईत, केसात न्हाईत."

ताईने दोन पोती घेतली. फुकट घेणं तिला पटेना म्हणून मावशींच्या हातावर पैसे ठेवले. मावशींनी ते घेतले, पण त्यांच्या चेहऱ्यावर आपण शहरी बाईला फसवत तर नाही ना, अशी शंका स्पष्ट दिसत होती.

पोती भाऊजींच्या गाडीच्या डिकीतून त्यांच्या कोथरूडच्या फ्लॅटवर आली. भाऊजींनी गाडीला सुगंधी झाड टांगलं. त्यामुळे गाडीत सुगंधी मेंढीचा वास यायला लागला. कच्ची लोकर म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही त्याने पोत्यात हात घालून बघावा. वरवर ती लोकर दिसते. हात आत गेला की आधी सराटे लागतात, मग कुसळं, मग वाळलेल्या लेंड्या, मग काळपट चिकटा. तो चिकटा म्हणजे मेंढीच्या अंगचं मेण. तेच मेण साफ करून, लॅनोलिन या नावाने, छोट्या डबीत भरून सौंदर्यप्रसाधनाच्या दुकानात मिळतं आणि ताई ते कित्येक वर्षं ओठांना लावत आली आहे. हे कळल्यावर तिने ओठांना लावायचं बंद केलं नाही. फक्त मेंढ्यांशी ती जरा आदराने बोलू लागली.

लोकर धुवायची तर गरम पाण्यात घुसळायची नाही, हा पहिला नियम. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. उष्णता, साबण आणि घुसळण एकत्र आली की खवले एकमेकांत अडकतात आणि त्याचा घट्ट लगदा होतो. नमदा याच गुणावर तयार होतो, आणि वॉशिंग मशीनमध्ये टाकलेला चांगला स्वेटर याच गुणावर नातवाला बसेल एवढा होतो. म्हणून ताईने बाथरूममध्ये टबात रिठ्याचं कोमट पाणी केलं आणि लोकर अलगद बुडवली. पाणी चहासारखं झालं, मग कॉफीसारखं, मग त्याला नाव देता येईना. तिने ते ओतून दिलं. पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं. संध्याकाळी खालच्या मजल्यावरून निरोप आला की तुमच्याकडे काही शिजतंय का. दुसऱ्या दिवशी त्यांच्या न्हाणीघरात पाणी वर आलं. प्लंबरने तारेने पाइपातून जे ओढून काढलं ते बराच वेळ येतच राहिलं. खालचे काका, वॉचमन, लिफ्टची वाट बघणारे दोघे आणि एक शाळकरी मुलगा एवढा समुदाय ते बघायला जमला होता. प्लंबर म्हणाला, "इतक्या वर्षांत ड्रेनेजमधून सगळं काढलं साहेब, पण मेंढी पहिल्यांदा." सोसायटीच्या फलकावर सूचना लागली : 'सदनिकेत पशुपालन करू नये.' पुणेरी सूचनेला तपशिलाशी कर्तव्य नसतं, तत्त्वाशी असतं.

धुतलेल्या लोकरीचं सूत काढायला मावशींनीच शिकवलं. धनगर पुरुष चालता चालता चातीवर सूत काढतात, बायका चरख्यावर. मावशींच्या बोटांतून सूत सरळ, एकसारखं, दिसेल न दिसेल अशा वेगाने निघत होतं, आणि त्या वेळी त्यांचं लक्ष कुत्र्याकडे, कोकराकडे आणि चुलीवरच्या भाकरीकडे होतं. ताईचं सर्व लक्ष सुतावर होतं. तरी ते एका जागी बोटाएवढं जाड व्हायचं आणि पुढच्या वितीत तुटायचं. मावशी म्हणाल्या, "होतंय, होतंय." म्हणजे होत नव्हतं. पण कोरेगाव पार्कच्या एका कलावर्गातल्या शिक्षिकेने तेच सूत बघून 'आर्ट यार्न' असा शेरा दिला आणि असं उंचसखल सूत परदेशात किती महाग जातं ते सांगितलं. मावशींचं एकसारखं सूत शिक्षिकेला साधं वाटलं. कलेच्या बाजारात हा न्याय नेहमीचाच.

इथे जरा घोंगडीबद्दल बोललं पाहिजे, कारण आमच्या मुलखात मेंढीपासून झालेली सगळ्यात मोठी कलाकृती तीच, आणि तिला कुणी कधी कलाकृती म्हटलं नाही. लोकर धनगराची, विणणारा बहुधा सनगर. जमिनीत खड्डा करून त्यात पाय सोडून बसायचं, तो खड्डामाग. ताणा घट्ट व्हावा म्हणून त्याला चिंचोक्याची खळ द्यायची. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून केलेली ही खळ कुंच्याने उभ्या धाग्यांना चोपडतात. हे काम घरातल्या बायकांचं. रंग लावत नाहीत, मेंढी ज्या रंगाची त्याच रंगाची घोंगडी : काळी, पांढरी, करडी. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ. जावळाची घोंगडी मऊ आणि मानाची. बाकीची टोचते, आणि टोचणारच. पावसात अंगावर घ्या, पेटीत घडी घाला, देवापुढे अंथरा, म्हाताऱ्याच्या पाठीखाली घाला. डिसेंबरात भीमथडी जत्रेत घोंगडीच्या ठेल्यावर पुणेकर येतो, दोन बोटांनी कोपरा चोळतो आणि विचारतो, "टोचत नाही ना?" विकणारा खरं सांगतो आणि गिऱ्हाईक घालवतो.

आणि पुण्याला मेंढी परकी आहे असं कुणी समजू नये. शहराच्या मधोमध, गोखलेनगरात मेंढी फार्म आहे. राज्याच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाचं मुख्य कार्यालय तिथे आहे आणि त्या महामंडळाला पुण्यश्लोक अहिल्यादेवींचं नाव आहे. आजूबाजूला टॉवर उभे राहिले तरी रिक्षावाल्याला 'मेंढी फार्म' एवढं सांगितलं की पुरतं. गुंथर सोन्थायमर हा जर्मन पंडित पुण्यात राहून धनगरांच्या पाठोपाठ वर्षानुवर्षं हिंडला, त्यांच्या ओव्या ऐकल्या, खंडोबा, बिरोबा आणि विठोबा यांची मुळं मेंढवाड्यात शोधली. आमच्या इरावतीबाई कर्व्यांनी महाभारतातली माणसं उलगडली, आणि त्यांची नात डॉ. चंदा निंबकर फलटणला मेंढीचे जनुक उलगडत बसल्या. बंगालच्या सुंदरबनातल्या गॅरोल या लहानखुऱ्या मेंढीत जुळी होण्याचा एक जनुक असतो. तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या संकरातून दख्खनी मेंढीत आणून फलटणच्या निंबकर संस्थेने 'नारी सुवर्णा' तयार केली. आजी 'युगान्त' लिहिते आणि नात जुळ्या कोकरांचं पाहते. दुसरं काम पहिल्याइतकंच चिवट आहे असं मला वाटतं.

पण ताईच्या छंदांकडे बघताना मला खरी मौज वाटते ती वेगळीच. आपल्याकडे जनावराचं चित्र काढायची पद्धत फारशी नव्हती. आपल्याकडे जनावरावर चित्र काढतात. पुणे जिल्ह्यात पुष्कळ गावांत भाद्रपदात पोळा असतो, साताऱ्या-कोल्हापूरकडे आषाढात बेंदूर. आदल्या संध्याकाळी बैलाची खांदेमळणी, हळद आणि तुपाने जुवाखालचा घट्टा चोळायचा आणि उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. सकाळी धुवायचं, शिंगं साळायची, हिंगूळ किंवा वार्निश लावायचं, वर बेगड चिकटवायची, अंगावर पंजाचे नाहीतर वाटीचे ठसे. कपाळाला गोंडे, गळ्यात घुंगरमाळ, पाठीवर झूल. हल्ली अंगावर मजकूरही असतो. शेतमालाला भाव द्या, अशी मागणी पाठीवर घेऊन बैल वेशीतून मिरवतो, आणि गावच्या सभेत ज्याला बोलू देत नाहीत त्याचं म्हणणं अशा रीतीने सगळ्या गावाला वाचावं लागतं. कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी नटतात. शिंगांना रंग, पायात चाळ, आणि मालकाच्या मोटारसायकलचा आवाज ओळखून त्या रस्त्याने मागे पळतात. तुकोबांच्या पालखीला काटेवाडीत मेंढ्या रिंगण घालतात, म्हणजे तिथे जनावरांनीच जमिनीवर वर्तुळ काढायचं. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल बिरदेवाच्या जत्रेत भंडाऱ्याबरोबर लोकर उधळतात. सगळं आभाळ पिवळं होतं. याला आधुनिक भाषेत मांडणशिल्प म्हणतात आणि त्याला अनुदान मिळतं. कोडोलीकर ते आपल्या खर्चाने करतात.

दोराकामाचंही तेच. कोरेगाव पार्कातल्या त्याच वर्गात मॅक्रमेची कार्यशाळा होती. सुती दोरीच्या गाठी मारून भिंतीवर टांगायची शोभेची जाळी करायची. फी ऐकून भाऊजी खाली बसले. ताई ती जाळी करून भोरला घेऊन गेली आणि तिथल्या राखणदाराला दाखवली. त्याने उलटसुलट बघितली आणि विचारलं, "मुसकी हाय काय? पर लई मोठी झाली. हत्तीला घालायची हाय?" मळणीच्या वेळी बैलाने कणसात तोंड घालू नये म्हणून जी दोरीची जाळी तोंडाला बांधतात ती मुसकी, आणि तिच्यात गाठी अगदी त्याच. कासरा, दावं, म्होरकी, शिंकं, सगळं घायपाताच्या किंवा अंबाडीच्या वाखाचं. गावोगावच्या मातंग कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या हे वळलं आणि बदल्यात सुगीला पायलीभर धान्य मिळवलं. त्यांच्याकडून शिकायला कुणी फी भरल्याचं ऐकिवात नाही.

शेवटी ताईचं प्रदर्शन भरलं. एका छोट्या दालनात, तीन दिवस. शेळ्यांची चित्रं, अर्धी म्हैस, भिंतीवरच्या लोकरीच्या चौकटी, आर्ट यार्नच्या मेंढ्या. पुणेकर प्रदर्शनाला येतो तो परीक्षक म्हणून. पहिल्या आजोबांनी चित्राच्या अगदी जवळ जाऊन चित्राऐवजी चौकटीची जोडणी तपासली. एका बाईंनी मेंढी हातात घेऊन विचारलं, "धुतली तर चालते का?" दुसऱ्या म्हणाल्या, "छान आहे, पण हे घरी पण होण्यासारखं आहे." हे घरीच झालं होतं. एका गृहस्थांनी अभिप्रायाच्या वहीत लिहिलं की मेंढ्या ठीक आहेत, पंखा मात्र आवाज करतो. खाली पूर्ण नाव, पदवी आणि पत्ता.

मावशींचा वाडा तेव्हा परतीच्या वाटेवर होता. ताईने त्यांना आग्रहाने बोलावलं होतं. मावशी आणि त्यांचे मालक आले, चपला बाहेर काढल्या, ताईने नको नको म्हटलं तरी काढल्या. दालनात एकदम शांत झालं. मावशी एका चित्रापुढे थांबल्या. मग खाली वाकून बघितलं आणि ताईला म्हणाल्या, "हिचा मागचा पाय गेलाय. खुरात सडलंय आतून. कवाधरनं लंगडती?"

ती मेंढी लंगडी नव्हती. ताईला मागचा पाय जमला नव्हता, इंटरमीजिएटपासूनची अडचण. पुढच्या चित्राशी मावशींचे मालक थांबले. "ही गाभण हाय. दोन हाईत पोटात." तिथे ताईने शरीराची बाह्यरेषा जरा सढळ हाताने काढली होती. शेळीपुढे दोघं बराच वेळ उभे राहिले आणि आपसात काही बोलले. ताईने धीर करून विचारलं. मावशी म्हणाल्या, "डोळं बराबर हाईत." फट आडवी होती. त्या तीन दिवसांत ताईला मिळालेली सगळ्यात मोठी दाद हीच, आणि तिने ती खाली मान घालून घेतली. लोकरीच्या चौकटींकडे मात्र मावशींनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. सगळ्यात मोठ्या चौकटीची किंमत त्यांच्या मालकांनी वाचली, पुन्हा वाचली आणि विचारलं, "ह्यात आमच्या पोत्यातली किती गेली?" ताईने सांगितलं, पसाभर. ते काही बोलले नाहीत. बाहेर पायरीवर बसून त्यांनी तंबाखू मळली.

ती चौकट विकली गेली. ताईने त्यातले पैसे मावशींना द्यायला घेतले तेव्हा मावशी म्हणाल्या, "पैकं नगं, पुढल्या साली लोकर न्यायला गाडी घिऊन या. आनि समदी न्या, नुस्ती दोन पोती न्हाई." पैसे शेवटी घेतले, पण आधी हे कबूल करून घेतलं. ताईच्या हाताखाली आता आळीतल्या आणखी काही बायका आहेत आणि पहिला नियम ठरला आहे : मेंढी करायची तर मेंढीच्याच लोकरीची.

तुमच्या घरी कुणी असं विणत, काढत, गाठी मारत असेल तर त्यांना एवढं सांगा. दिवाळीनंतर सासवड, भोर किंवा मुळशीच्या रस्त्याला वाडा उतरलेला दिसला तर गाडी लांब लावा आणि पायी जा, कुत्रे गाडीवर धावतात. लोकर काळी आहे की करडी ते बघा, जावळ शिल्लक असेल तर आधी ती मागा. फुकट देतील, घेऊ नका. कातरणाऱ्याची मजुरी विचारा आणि निदान तेवढी तरी द्या. घासाघीस तुळशीबागेत करा. आणि घरी आणली की गच्चीवर, बादलीत, रिठ्याच्या पाण्यात धुवा, ते पाणी कुंड्यांना घाला. बाथरूममध्ये नको.